छोटी, पिवळी, जंगलातली छत्री: फोटोवरून नाव का सांगता येत नाही

पावसाळा लागला की आम्हा डॉक्टरांच्या मोबाईलवर फोटो यायला लागतात. ट्रेकला गेलेला भाचा, गावाकडे जमीन घेतलेला जुना वर्गमित्र, जर्मनीत शिकायला गेलेली ओळखीतली मुलगी. फोटोत ओल्या पाचोळ्यातून वर आलेली दोन-तीन पिवळी भूछत्रं असतात आणि खाली प्रश्न असतो, "ही कोणती? खाल्ली तर चालतात का?" फोटो बहुतेक वेळा वरून काढलेला असतो. टोपी सुरेख दिसते. बाकी काही दिसत नाही.

माझं उत्तर ठरलेलं आहे. फोटोवरून सांगता येत नाही, खाऊ नका. हे ऐकून लोक हिरमुसतात, काहींना तो डॉक्टरी घाबरटपणा वाटतो. म्हणून आज त्यामागचं कारण जरा सविस्तर सांगतो. 'छोटं, पिवळं, जंगलातलं' हे वर्णन एका भूछत्राचं नाही, कितीतरी प्रजातींचं आहे. त्यातलं एक युरोपच्या बाजारात चढ्या भावानं विकलं जातं. एक खाल्ल्यावर तासा-दोन तासांत उलट्या सुरू होतात. एक किडनी निकामी करतं. आणि दिसायला सगळ्यांत साधं, कुणाच्या नजरेतही न भरणारं जे आहे, ते यकृत संपवतं.

त्या साध्या दिसणाऱ्याचं नाव गॅलेरिना मार्जिनाटा. उत्तर गोलार्धातल्या थंड प्रदेशांत, म्हणजे युरोप आणि अमेरिकेच्या जंगलांत ते सर्रास सापडतं. कुजत पडलेला ओंडका, जुना बुंधा, शेवाळलेलं लाकूड ही त्याची जागा. आता शहरांतल्या बागांमध्ये लाकडाचा भुसा आणि ढलप्या पसरतात, तिथंही ते उगवतं. टोपी जेमतेम दीड ते पाच सेंटिमीटर रुंद, म्हणजे आपल्या रुपयाच्या नाण्यापेक्षा लहान ते पुरीएवढी. देठ बारीक, खाली तपकिरी होत जाणारा. देठावर वरच्या बाजूला पातळ कड्यासारखी एक पट्टी. रंग मधासारखा पिवळा-तपकिरी.

गंमत अशी, की हा रंगही टिकत नाही. पाऊस पडून गेल्यावर टोपी गडद मधाच्या रंगाची आणि चकचकीत असते. ऊन लागलं की ती मधल्या भागापासून सुकू लागते आणि फिकट पिवळी होते. सकाळी पाहिलेलं भूछत्र आणि दुपारी पाहिलेलं तेच भूछत्र यांचे फोटो शेजारी ठेवले तर दोन वेगळ्या जाती वाटाव्यात. अर्धवट सुकलेलं असताना मध्ये पिवळं आणि कडेला तपकिरी असंही दिसतं. भूछत्र ओळखताना रंगाला आपण सगळ्यांत जास्त महत्त्व देतो, कारण तो सगळ्यांत आधी दिसतो. ओळखीच्या कामात मात्र त्याला शेवटच्या बाकावर बसवायला हवं.

दुसरी अडचण जुळ्याची आहे. गॅलेरिनासारखंच हुबेहूब दिसणारं आणि खाण्याजोगं एक भूछत्र आहे, क्युनेरोमायसिस म्युटाबिलिस. जर्मनीत त्याला 'श्टॉकश्वेम्शन' म्हणतात आणि ते सुपात घालून आवडीनं खातात. तेही लाकडावर उगवतं. तेही लहान, मधाळ पिवळं. तेही सुकताना मधूनच फिकं होतं. त्याच्याही देठावर कडं असतं. बीजाणूंचा रंग दोघांचाही तपकिरीच. फरक कुठे? खाण्याजोग्या भूछत्राच्या देठावर कड्याच्या खाली बारीक तपकिरी खवले असतात, गॅलेरिनाच्या देठावर खवल्यांऐवजी पांढुरके, रेशमासारखे उभे धागे. गॅलेरिना चुरडलं तर ओल्या पिठासारखा वास येतो. पुस्तकात हे वाचायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात जोराचा पाऊस येऊन गेला, की खवलेही धुऊन जातात, कडंही गळून पडतं. त्यात ही दोन्ही भूछत्रं एकाच बुंध्यावर एकमेकांत मिसळूनही उगवू शकतात. पिढ्यान् पिढ्या भूछत्रं गोळा करणाऱ्या त्या देशांतही नवख्यांना या भूछत्राच्या वाटेला जाऊ नका असंच सांगितलं जातं.

खात्री करायची तर सूक्ष्मदर्शक लागतो. आमच्या प्रयोगशाळेत मलेरियाची स्लाइड बघायला जी तेलात बुडवायची शंभरपटीची भिंग वापरतात, तीच इथं कामाला येते. गॅलेरिनाचे बीजाणू खरखरीत, सुरकुतलेले दिसतात. त्याच्या जुळ्याचे गुळगुळीत असतात आणि एका टोकाला बारीक छिद्र असतं. म्हणजे जेवणाच्या ताटातला जीवनमरणाचा फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढ्या कणाच्या सालीवर लिहिलेला आहे. मोबाईलच्या कॅमेऱ्याला तो कसा दिसावा?

हे भूछत्र माणसं मारतं हे पुस्तकी ज्ञान नाही. १९८१ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात, व्हिडबी बेटावर तीन किशोरवयीन मुलांनी नशेसाठी वापरतात ती भूछत्रं समजून गॅलेरिना खाल्ली. त्यांतली सोळा वर्षांची मुलगी वाचली नाही. नशा आणणारी भूछत्रंही लहान, तपकिरी-पिवळी, आणि बऱ्याचदा त्याच भुशावर उगवणारी. घाईनं तोडणाऱ्याच्या मुठीत दोन्ही सहज येतात.

शास्त्रज्ञांनाही या लहानखुऱ्या पिवळ्या मंडळींनी बराच काळ गोंधळात ठेवलं. गॅलेरिना मार्जिनाटाच्या आसपासच्या आणखी चार जाती वेगवेगळ्या नावांनी पुस्तकांत नोंदल्या गेल्या होत्या. कुणाची टोपी थोडी जास्त चिकट, कुणी पानगळीच्या ऋतूत उगवणारी, कुणी गवतात सापडलेली. २००१ मध्ये नॉर्वेच्या ग्रो गुल्डेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या सगळ्यांचा डीएनए तपासला, तेव्हा ती सारी एकच जात निघाली. उलटा प्रकारही घडला आहे. युरोपातली प्रसिद्ध पिवळी 'शाँतरेल', शास्त्रीय नाव कॅन्थारेलस सिबेरियस, जगभर एकच आहे असं समजून सगळीकडे तेच नाव लावलं जात होतं. डीएनए तपासायला लागल्यावर त्या एका नावाखाली कितीतरी वेगळ्या जाती दडलेल्या निघाल्या. कॅलिफोर्नियाच्या ओक वृक्षांखाली उगवणाऱ्या मोठ्या शाँतरेलला २००८ मध्ये स्वतंत्र नाव मिळालं. आयुष्य यात घालवलेल्यांची ही स्थिती, तर आपण एका फोटोवर किती विसंबावं?

शाँतरेलचं नाव निघालंच आहे तर तिच्याबद्दलही सांगतो, कारण बहुतेक लोकांना आपल्याला तीच सापडली आहे असं वाटत असतं. अंड्यातल्या बलकासारखा पिवळा रंग, नरसाळ्यासारखा आकार, वास जर्दाळूसारखा. आपल्या देशातही शाँतरेलच्या जातभाई आहेत. मेघालयाच्या डोंगराळ भागात त्या बाजारात विकायला येतात. ती जिवंत झाडाच्या मुळांशी भागीदारी करून जगते. झाड तिला साखर देतं, ती झाडाला मातीतलं पाणी आणि खनिजं मिळवून देते. त्यामुळे बटण मशरूमसारखी खोलीत पेंढ्यावर तिची शेती करता येत नाही, आणि म्हणून ती महाग. महाग म्हटल्यावर माणसाच्या डोळ्यांना ती जागोजागी दिसू लागते, हेही ओघानं आलंच.

तिची खरी खूण टोपीच्या खाली असते. बहुतेक भूछत्रांच्या टोपीखाली वहीच्या पानांसारखे पातळ, सुटे पडदे असतात. शाँतरेलला असे पडदे नसतात. तिच्या अंगालाच बोथट सुरकुत्या पडलेल्या असतात, त्या फाटे फुटत देठावर खालपर्यंत उतरतात आणि नखानं सोलून वेगळ्या काढता येत नाहीत. आत चिरली तर गर पांढरा. आणि ती जमिनीतून येते, लाकडातून नाही. पिवळी-नारिंगी छत्री लाकडावर घोसानं उगवली असेल आणि खाली धारदार पडदे असतील, तर ती ऑम्फॅलोटस असू शकते. तिनं जीव सहसा जात नाही, पण उलट्या-जुलाबांनी माणूस आडवा होतो. तिच्यातल्या काही जाती अंधारात मंद चमकतात. (आपल्या भीमाशंकरच्या जंगलात पावसाळ्यात रात्री कुजकं लाकूड चमकतं, तीही बुरशीचीच करामत. पण ती वेगळ्या जातीची.) गंधकासारखी पिवळी, बुंध्यावर दाटीनं उगवणारी, खालचे पडदे हिरवट आणि पुढे जांभळट-काळे होणारी दिसली तर ती हायफोलोमा. ती कडू आणि विषारी.

आणि तांबूस पिवळी असेल तर ती कॉर्टिनेरियस कुळातली असण्याची शक्यता सोडता येत नाही. या कुळानं वैद्यकाला एक धडा शिकवला आहे. १९५२ मध्ये पोलंडमध्ये शंभराहून अधिक लोक किडनी बिघडून आजारी पडले आणि अकरा दगावले. सगळ्यांनी एकाच जातीचं भूछत्र खाल्लं होतं, पण ते लक्षात यायला फार वेळ लागला. कारण खाणं आणि आजार यांच्यात काही दिवसांचं, काही जणांत तर दोन आठवड्यांच्या पुढचं अंतर होतं. पंधरा दिवसांपूर्वीच्या जेवणाला कोण दोष देणार? 'द हॉर्स व्हिस्परर' लिहिणारे इंग्रज कादंबरीकार निकोलस इव्हान्स यांनी २००८ मध्ये स्कॉटलंडमध्ये पत्नी आणि नातेवाइकांसह याच कुळातलं भूछत्र खाल्लं. पुढे काही वर्षं डायलिसिस, आणि २०११ मध्ये मुलीनं दिलेली किडनी. शिकलीसवरलेली, निसर्गात रमणारी माणसं होती ती.

मग ओळखायचं कसं? नुसतं कुतूहल म्हणून ओळखायचं असेल तर जरूर शिका, हा छंद उत्तम आहे. भूछत्र वरून खुडू नका, चाकूनं खालच्या मातीसकट उचला. देठाच्या बुडाशी अंड्याच्या कवचासारखी पिशवी आहे का ते पाहायचं असतं आणि ती बरेचदा मातीत गाडलेली असते. जगात सगळ्यांत जास्त बळी घेणाऱ्या अमानिटा फॅलॉइडसची ती खूण आहे. खुडताना ती जमिनीतच राहते आणि माणूस निर्धास्त होतो. ते कशावर उगवलं आहे, जवळ कोणतं झाड आहे, एकटं आहे की घोसानं, हे लिहून ठेवा. टोपीखालून फोटो काढा, चिरून काढा. मग घरी येऊन बीजाणूंचा ठसा घ्या. हा प्रयोग शाळकरी मुलांनाही फार आवडतो. देठ कापून टोपी पालथी, म्हणजे पडदे खाली येतील अशी, कागदावर ठेवायची. कागद अर्धा पांढरा, अर्धा काळा असावा. वर वाटी झाकायची आणि रात्रभर हलवायचं नाही. सकाळी टोपी उचलली की खाली पडद्यांची नक्षी जशीच्या तशी उमटलेली असते. गॅलेरिनाची गंजासारखी तपकिरी, हायफोलोमाची जांभळट, शाँतरेलची फिकट पिवळसर. नंतर हात धुवायचे आणि सगळं मुलांच्या व जनावरांच्या हाताला लागणार नाही असं टाकून द्यायचं.

पण या ठशावरून विषारी की बिनविषारी हे ठरत नाही. अमानिटाचा ठसा पांढरा येतो, आणि कितीतरी निरुपद्रवी भूछत्रांचाही पांढराच येतो. ठसा यादी लहान करतो, एवढंच.

एक चाचणी अशीही आहे जिचा या वर्तमानपत्राशी थेट संबंध आहे. भूछत्राचा रस वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर पिळायचा, सुकू द्यायचा आणि त्यावर तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकायचा. रसात अमाटॉक्सिन नावाचं विष असेल तर निळा रंग येतो. स्वस्त वर्तमानपत्री कागदात लाकडातलं लिग्निन शिल्लक असतं, त्याच्याशी ही क्रिया होते. उंची पांढऱ्या कागदावर होत नाही. माइक्स्नर यांच्या नावानं ती ओळखली जाते. प्रयोगशाळेत रुग्णाचं भूछत्र हाती आलं तर तिचा थोडाफार उपयोग होतो. घरी ती करू नका. आम्ल धोक्याचं आहेच, शिवाय ऊन लागलं तरी रंग फसवतो, आणि निळा न येणं म्हणजे 'खायला हरकत नाही' असा दाखला नव्हे. कॉर्टिनेरियसच्या विषाला ही चाचणी ओळखतच नाही.

घरगुती कसोट्यांबद्दल एका वाक्यात सांगायचं तर एकही खरी नाही. चांदीचा चमचा काळा पडणं, लसूण काळा पडणं, गोगलगायीनं कुरतडलेलं असणं, टोपीची साल निघणं, कशाचाही विषाशी संबंध नाही. गोगलगाय अमानिटा आरामात खाते. शिजवून, तळून, वाळवून किंवा फ्रीजरमध्ये ठेवूनही अमाटॉक्सिन जात नाही. आणि चव? या विषाच्या तावडीतून वाचलेले रुग्ण ती भाजी चविष्ट होती असं सांगतात.

इथं कुणी म्हणेल, डॉक्टर, आमच्या आज्या तर दर पावसाळ्यात अळंबी खात आल्या. बरोबर आहे, आणि त्यांच्या ज्ञानाबद्दल मला पूर्ण आदर आहे. कोकणातली अळंबी, विदर्भातल्या सात्या, गोव्यातली रोंवणाची अळमी, यांतली बरीचशी टर्मिटोमायसिस कुळातली, म्हणजे वाळवीच्या वारुळावर उगवणारी. वाळवी तिच्या वारुळात या बुरशीची अक्षरशः शेती करते आणि ठरावीक पावसानंतर ती जमिनीवर छत्र्या काढते. त्यांतल्या मोठ्या जातींचा देठ मुळासारखा लांब होऊन थेट वारुळापर्यंत गेलेला असतो. आजीला 'सगळी भूछत्रं' कळत नव्हती. तिला ते एक वारूळ, तो एक आठवडा, तो लांब देठ माहीत होता. तिनं कधी नियम लावला नाही, तिनं ओळख ठेवली. त्या ओळखीत न बसणाऱ्या सगळ्यांना तिनं 'कुत्र्याची छत्री' म्हणून बाजूला टाकलं, मग ती पिवळी असो की लाल. शास्त्राच्या दृष्टीनं ते वर्गीकरण काहीच नाही, पण जीव वाचवायला त्याच्याइतकं चोख दुसरं काही नाही.

ही ओळख जागेशी बांधलेली असते, ती पिशवीत घालून दुसऱ्या देशात नेता येत नाही. कॅलिफोर्नियात आग्नेय आशियातून आलेल्या कुटुंबांनी आपल्याकडच्या भातपेंढ्यावरच्या भूछत्रासारखं दिसतं म्हणून अमानिटा फॅलॉइडस खाल्ल्याच्या नोंदी आहेत. कोवळेपणी दोन्ही अंड्यासारखीच दिसतात. २०१६ च्या डिसेंबरमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात याच अमानिटाचे चौदा रुग्ण लागोपाठ आले. आपल्या किती घरांतली मुलं आज त्या भागात, जर्मनीत, सिएटलच्या बाजूला राहतात! रविवारी जंगलात फिरायला जातात, बरोबरचे तिथले मित्र शाँतरेल गोळा करतात, आणि मग तो फोटो इकडे येतो. त्या मुलांना माझं सांगणं, तिथल्या भूछत्र मंडळांत जा, जाणत्याच्या हातात भूछत्र द्या, दोन-चार वर्षं फक्त बघा.

आपल्या देशातही हे संकट दूर नाही. २०२२ च्या एप्रिलमध्ये आसामात रानातली भूछत्रं खाऊन दिब्रुगडच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झालेल्यांपैकी तेरा जण दगावले. बहुतेक चहाच्या मळ्यांत राबणारी कुटुंबं. भाजी विकत घेणं परवडत नाही तेव्हा रानातून आणतात. त्यांना 'खाऊ नका' एवढंच सांगून निघून जाणं मला सोयीचं वाटलं तरी पुरेसं वाटत नाही.

शहरात राहणाऱ्यांच्या मनात यानंतर एक प्रश्न येणारच, तो आधीच निकाली काढतो. तुळशीच्या किंवा मनीप्लांटच्या कुंडीत उगवणारी लिंबासारखी पिवळीधमक, नाजूक छत्री बहुधा ल्युकोकोप्रायनस बर्नबॉमी असते. १८३९ मध्ये प्राग शहरातल्या हरितगृहात ती सापडली आणि तिथल्या बागेच्या देखरेख्याचं, बर्नबॉम याचं नाव तिला मिळालं. मूळची मात्र ती आपल्यासारख्या उष्ण प्रदेशांतली. झाडाला तिचा त्रास नाही. खाल्ली तर पोट बिघडतं, म्हणून रांगतं मूल घरात असेल तर उपटून टाका. कुंडीतल्या खतात तिचं जाळं पसरलेलं असतं, त्यामुळे ती पुन्हा येईल, पुन्हा उपटा.

आता दवाखान्यातली बाजू. अमाटॉक्सिन गॅलेरिनातलं असो की अमानिटातलं, शरीरात एकच काम करतं. पेशीला प्रथिनं बनवायची तर आधी डीएनएवरच्या सूचनांची नक्कल काढावी लागते. ती नक्कल काढणाऱ्या यंत्राला हे विष चिकटतं आणि ते बंद पाडतं. पेशी लगेच मरत नाही. घरातला किराणा संपेपर्यंत चूल पेटत राहावी तशी ती काही तास चालते. म्हणून लक्षणं उशिरा येतात, साधारण सहा तासांनंतर, कधी चोवीस तासांपर्यंत. रात्री भाजी खाल्ली, सगळे झोपले, पहाटे पोटात कळ, उलट्या, पाण्यासारखे जुलाब. पावसाळ्यात ओपीडीत असे रुग्ण रांगेनं येतात. गॅस्ट्रो म्हणून सलाईन लागतं, दुसऱ्या दिवशी जुलाब थांबतात, माणूस उठून बसतो, चहा मागतो. घरचे म्हणतात, सोडा आता.

हीच सर्वांत फसवी वेळ. पोट शांत झालेलं असतं आणि यकृताच्या पेशी मरत असतात. रक्तातले यकृताचे आकडे याच सुमारास हजारांत जातात, रक्त गोठायला लागणारा वेळ वाढतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कावीळ दिसते, मग भ्रम, रक्तस्राव. तोवर काही जणांसाठी यकृत प्रत्यारोपणाखेरीज मार्ग उरत नाही, आणि जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयातून प्रत्यारोपण केंद्रापर्यंतचं अंतर केवळ किलोमीटरचं नसतं.

म्हणून आम्हाला भूछत्राच्या नावाच्या आधी घड्याळ हवं असतं. किती वाजता खाल्लं, पहिली उलटी किती वाजता झाली. तासा-दोन तासांत उलट्या झाल्या तर बहुधा पोट बिघडवणाऱ्या जातींपैकी काहीतरी असतं. सहा तासांनंतर झाल्या तर आम्ही अमाटॉक्सिन समजूनच चालतो. पण दोन-तीन जाती एकत्र शिजवल्या असतील तर लवकरची उलटी एका भूछत्राची आणि यकृताचं नुकसान दुसऱ्याचं असं होऊ शकतं, म्हणून लवकर उलटी झाली म्हणून निर्धास्त होऊन चालत नाही.

लवकर पोहोचलेल्या रुग्णाला खूप काही देता येतं. भरपूर सलाईन, कारण सुरुवातीचे मृत्यू शरीर कोरडं पडूनही होतात. औषधी कोळसा, तोही पुन्हा पुन्हा, कारण हे विष पित्तावाटे आतड्यात उतरतं आणि तिथून परत यकृताकडे जातं. त्या फेऱ्यात त्याला कोळशानं पकडायचं. एन-अॅसिटाइलसिस्टीन हे औषध बहुतेक मोठ्या सरकारी रुग्णालयांत पॅरासिटामॉलच्या आणि उंदराच्या औषधाच्या विषबाधेसाठी ठेवलेलं असतं, तेही इथं वापरतात. एका काटेरी रोपापासून काढलेलं सिलिबिनिन परदेशात शिरेतून देतात. डॉक्टरांना सल्ला हवा असेल तर दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विष माहिती केंद्र चोवीस तास उपलब्ध असतं.

नातेवाइकांकडून आम्हाला हवं असतं ते फार साधं असतं. न शिजवलेलं भूछत्र उरलं असेल तर ते, नाहीतर सोलताना टाकलेले तुकडे, तेही नसतील तर पातेल्यातली भाजी. प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, त्यात काही तासांत लगदा होतो. वर्तमानपत्रात गुंडाळून आणा. त्याच पंगतीत आणखी कोण जेवलं तेही सांगा, त्यांना त्रास नसला तरी घेऊन या. मीठपाणी पाजून उलटी काढू नका, त्यात वेळ जातो आणि ठसका लागून फुप्फुसात जायची भीती. आणि लपवू नका. विषबाधेची नोंद पोलिसांकडे जाते, 'एमएलसी' होते, म्हणून कित्येक जण "साधंच जेवलो" असं सांगतात. ती नोंद नियमानं होतेच, चुकून विषारी भाजी खाल्ली म्हणून कुणाला अटक होत नाही. आमच्या तरुण डॉक्टरांनाही मी सांगत असतो, पावसाळ्यातल्या प्रत्येक जुलाबाच्या रुग्णाला "बाहेरचं खाल्लं का" असं विचारून थांबू नका. "रानातलं काही खाल्लं का, अळंबी, सात्या, छत्री?" असं त्याच्या गावाच्या शब्दात विचारा.

उत्तर 'हो' आलं आणि त्रास सहा तासांनंतर सुरू झालेला असला, तर जुलाब थांबले तरी रुग्णाला घरी नेण्याचा आग्रह धरू नका. यकृताची आणि रक्त गोठण्याची तपासणी रोज, किमान तीन दिवस व्हायला हवी. तिसऱ्या दिवसाचा रिपोर्ट हाती आल्यावर डिस्चार्जचं बोलू.